लहान आतड्याचे चित्र आणि पोटात घ्यावयाचे द्रव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत विज्ञान शिकविले. प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहावे, असा त्यांचा आग्रह असे. क्ष-किरणतज्ज्ञ झाल्यावर मात्र जे दिसू शकले नाही तेही लिहावे लागते, हे मला एका रुग्णामुळे कळले.

लिंबायतमधील तो यंत्रमाग कामगार मूळचा खानदेशचा. जेवणानंतर पोटात कळ येई, वजन उतरत चाललेले. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे मी त्यास आयोडीनयुक्त द्रव पाजून सीटी स्कॅन केला. आतड्याची पोकळी पांढरीशुभ्र भरलेली दिसली आणि मी 'विशेष दोष नाही' असा अहवाल दिला. तीन महिन्यांनी आतडे तुंबून त्याच्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याचा शेवटचा भाग क्षयाने अरुंद झाला होता. अहवाल माझा होता, दोषही माझाच.

सुरतेत जरीकाम जाणणाऱ्यांस हे सहज समजेल. शुभ्र वस्त्रावर रुपेरी जर उठून दिसत नाही. शिरेतून दिलेल्या औषधाने सुजलेली भिंत उजळते. पण पोकळीही उजळ असेल, तर भिंतीची कड तीत विरून जाते. म्हणून पोकळीत पाण्याच्याच घनतेचे द्रव हवे. हाउन्सफील्ड यांच्या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य आहे.

मग साधे पाणीच का पाजू नये? कारण ते वाटेतच शोषले जाते व शेवटच्या भागापर्यंत आतडे फुगलेले राहत नाही. मॅनिटॉल पाणी धरून ठेवते. वीस टक्क्यांच्या शंभर मिलीलिटरच्या दोन बाटल्या घेऊन एकूण दीड लिटर द्रव केले, की प्रमाण सुमारे पावणेतीन टक्के येते. ते पाऊण ते एक तासात थोडेथोडे प्यावयाचे. मेंदूची सूज उतरविण्यासाठी हे औषध आपल्या रुग्णालयांत असतेच आणि स्वस्तही आहे. पुढे जुलाब होतात, हे रुग्णास आधी सांगावे. विशेषतः ज्याला बसने गावी परतावयाचे आहे त्याला! पॉलिएथिलीन ग्लायकॉलही असेच काम करते. परदेशात मलईयुक्त दुधाचाही प्रयोग झाला आहे. त्याची किंमत कमी, परंतु दूध न पचणाऱ्यांस ते चालत नाही.

पांढरे द्रव मात्र टाकाऊ झालेले नाही. शस्त्रक्रियेनंतर टाक्यातून गळती होते का, हे पाहावयाचे असेल तर पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रवच उपयोगी. अशा वेळी बेरियम देऊ नये. आतडे पूर्ण तुंबून उलट्या होत असतील, तर काहीच पाजू नये. आत साचलेले पाणीच तेथे पुरेसे असते.

माझ्या अहवालाच्या पहिल्या ओळीत आता कोणते द्रव, किती आणि किती वेळात दिले, याची नोंद असते. शेवटचा भाग फुगला नसेल, तर तेथील भिंतीविषयी मत देता येत नाही, असेही मी स्पष्ट लिहितो.