शोधनिबंधांची गणना आणि रुग्णाचे हित
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीपुढे यंदा शल्यचिकित्सेत संशोधन करणाऱ्या काही तरुण डॉक्टरांचे अर्ज आले. प्रत्येक अर्जासोबत शोधनिबंधांची यादी आणि तिच्याखाली एक आकडा होता. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, ज्याचा आकडा मोठा त्याला निवडावे, इतके हे सोपे आहे ना?" मी घाईत होकार दिला. तो होकार चुकीचा होता, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

एका संशोधकाच्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या निबंधात केला, की पहिल्याच्या खाती एक संदर्भ जमा होतो. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी या हिशेबाला एच-निर्देशांकाचे रूप दिले. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले आहेत, त्याचा निर्देशांक वीस. व्यापाऱ्याला समजेल असा हा हिशेब आहे. आणि त्यातील खोटही व्यापाऱ्यालाच लवकर समजावी.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उदाहरण घ्या. मुखाचा कर्करोग आपल्याकडे किती घरांत शिरला आहे, हे तंबाखू आणि मिश्रीच्या या प्रदेशात वेगळे सांगायला नको. रोग प्रारंभीच्या अवस्थेत असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर तोंडातील शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथीही काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? या प्रश्नावर जगभरचे शल्यविशारद कित्येक वर्षे वाद घालत होते. दोन्ही बाजूंना मते होती, पुरावा अपुरा होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे रुग्ण नोंदवले. कोणाच्या वाट्याला कोणता उपचार येईल, हे डॉक्टरांच्या पसंतीवर सोडले नव्हते. पहिल्या ५०० रुग्णांचा निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे आठ रुग्णांमागे एक जीव. शस्त्रक्रियेचा त्रास पहिल्या गटात थोडा अधिक झाला, तेही त्यांनी लपवले नाही. या निबंधाचा आधार जगभर घेतला जातो. पण एच-निर्देशांकाच्या वहीत असा निबंध कितीही वेळा उल्लेखला गेला, तरी त्याची भर फार तर एक! दहा वर्षे आणि शेकडो माणसांचा विश्वास, जमा एक.

आता दुसरी बाजू. पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाचे श्वासनलिका-रोपणावरील निबंध २००८ आणि २०११ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले आणि गाजले. रुग्णाच्याच मूलपेशी लावलेली कृत्रिम श्वासनलिका! वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. संदर्भ वाढत गेले, आणि स्टॉकहोममध्ये प्लास्टिकची नलिका बसवलेले तिन्ही रुग्ण मात्र कालांतराने मृत्यू पावले. २०१८ मध्ये कॅरोलिन्स्का संस्थेच्या विनंतीवरून २०११ चा निबंध मागे घेण्यात आला, २००८ चा २०२३ मध्ये. त्याच वर्षी स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्याकडे प्रतिक्रमण ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याने निबंध मागे घेतल्याने लेखकाचे प्रतिक्रमण होत नाही, आणि जमा झालेले संदर्भ तर पुसलेही जात नाहीत. टीका करण्यासाठी केलेला उल्लेखसुद्धा त्या वहीत जमेच्याच बाजूला पडतो.

अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला हे अवघड जाऊ नये. संदर्भसंख्या हा एक नय आहे. किती जणांनी त्या निबंधाकडे पाहिले, एवढे तो खरेपणाने सांगतो. निबंधातील विधान सत्य आहे का, हे त्याला ठाऊक नसते. तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. बढती आकड्यावर अवलंबून असली की एका अभ्यासाचे चार तुकडे करून चार निबंध छापण्याचा मोह होतो. परिग्रह केवळ सोन्याचाच असतो, असे थोडेच आहे?

समितीला माझी विनंती आहे, की अर्जांवर आपण पुन्हा विचार करावा. प्रत्येक अर्जदाराकडून त्याच्या मते सर्वांत चांगला असा एकच निबंध मागवू. तो मी स्वतः वाचेन. मग त्याला समोर बसवून विचारू, की यातील रुग्णांचे पुढे काय झाले. बैठक पुढच्या रविवारी आहे. त्या ज्येष्ठ सदस्यांना मी तसे कळवलेही आहे.