इंग्रजीचा तास व मायबोलीचे साहाय्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून, ज्यांची नावे या व्यासपीठावरून पुकारली गेली नाहीत त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. त्यांतील कित्येकांची वाट इंग्रजीच्या तासाने अडविली आहे.

आम्ही अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ याचे भाषांतर एकदा एका मुलाने ‘मांजरे व कुत्री यांचा पाऊस पडत आहे’ असे केले. वर्ग हसला, खेदाची गोष्ट ही, की आम्हीही हसलो. पुढे वर्षभर तो मुलगा तासाला तोंड उघडीना. वस्तुतः त्याला एवढेच विचारावयास हवे होते : ‘बाळ, आपल्याकडे मुसळधार पाऊस पडतो, तेव्हा आकाशातून मुसळे पडतात काय?’ मग तो स्वतःच हसला असता, आणि लाक्षणिक अर्थ म्हणजे काय हे जन्मभर विसरला नसता.

अलंकार ही परकी वस्तू नव्हे. डोंगराच्या तळाला इंग्रज पाय म्हणतो. आपणही पायथाच म्हणतो. सुईच्या छिद्राला तो डोळा म्हणतो, आपण नाक म्हणतो. घड्याळाला त्याने हात दिले, आपण काटे दिले. दृष्टी निराळी, रीत एकच. हे ज्याला उमगले त्याला उपमा-रूपकांच्या इंग्रजी व्याख्या घोकाव्या लागत नाहीत. कवितेतला वारा कुजबुजू लागला तरी तो गोंधळत नाही.

व्याकरणाचेही तसेच. आपण ‘टेबलावर’ म्हणतो. इंग्रजीतला ‘वर’ टेबलाच्या आधी येतो. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी, त्यांचे कर्त्यामागोमाग. हा भेद फळ्यावर शेजारी शेजारी मांडला की नियमाचे भय उरत नाही. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांनी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकविले, ते मराठीचाच हात धरून.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा ही काळजी आता लहानपणापासूनच घ्यावयास हवी. मंडळास आमची विनंती आहे, की पारितोषिकांबरोबर रविवारचा एक वर्गही चालवावा. ज्ञातीतील सेवानिवृत्त शिक्षकांनी त्यास एकेक तास द्यावा. पहिला तास आम्ही देऊ. त्या वर्गाचा नियम मात्र एकच असावा : चुकणाऱ्या मुलास कोणीही हसू नये, शिक्षकाने तर नाहीच.