जवळ्यातली रेती



गटाच्या बैठकीत आपण काय करतो? बचत गोळा करतो, हप्ते घेतो, वहीवर सह्या करतो आणि घरची कामं खोळंबली म्हणून उठतो. आमचंही तसंच चालायचं. आमचा गट अर्नाळ्याचा, सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचा.

1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात आणि आमची खरी विक्री तेव्हाच होते. एका वर्षी ऐन मे महिन्यात व्यापाऱ्याने आमचा जवळा हातावर चोळला, तळव्यावरची रेती दाखवली आणि भाव पाडला. वर काही पिशव्यांत बुरशी निघाली. डोक्यावर गटाचं कर्ज होतं. बैठकीत भांडण जुंपलं. "तुझ्या मालाने सगळ्यांचं नाव खराब झालं," असं एकमेकींना बोललो.

तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "रेती कोणाची ते सोडा गं. ती येते कुठून ते सांगा."

मग आम्ही ठरवलं, आज सल्ला कोणी द्यायचा नाही, फक्त विचारायचं. तू कुठे वाळवतेस? किती वेळा उलटतेस? पिशवीत कधी भरतेस? उत्तरं ऐकताना आमचं आम्हालाच कळलं. रेती वाऱ्याने येते असं आम्ही धरून चाललो होतो. पण जाळं रेतीवरच पसरलेलं असायचं, उलटताना खालची रेती वर यायची. आणि ज्या उन्हातला गरम जवळा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधत, त्यांच्याच पिशवीत आत वाफ धरून बुरशी येत होती.

पुढच्या हंगामात प्रत्येकीने एकेक गोष्ट करून बघितली. एकीने ताडपत्री घातली, एकीने बांबूचा मंच करून वर बारीक जाळी ताणली, एकीने माल सावलीत निववून भरला. सगळ्यांनी मूठमूठ जवळा बैठकीत आणला. ताडपत्रीवर पाणी साचून जवळा काळपट पडला होता. तिने ते लपवलं नाही, म्हणून बाकीच्यांचे पैसे वाचले. मंचावरच्या मालाला खालूनही वारा लागला, तो स्वच्छ निघाला. बांबू महाग पडतात, म्हणून तिघी-तिघींत एक मंच केला. त्या मे महिन्यात व्यापाऱ्याने पुन्हा जवळा चोळला. हाताला रेती लागली नाही, भाव पूर्ववत मिळाला. ज्यांच्याकडे मंचाला जागा नाही, त्यांचा प्रश्न अजून बाकी आहे. तो आता सगळ्या गटाचा आहे.

ही रीत काही आमचीच नाही. 1940 च्या दशकात इंग्लंडात रेग रेव्हन्स यांनी कोळशाच्या खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटांत बसवून एकमेकांच्या अडचणींवर बोलायला लावलं. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर मजबूत कसं करायचं, हे त्या चालू कामातून शिकल्या आणि त्यांनी गावाला समजावलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पंधरा मिनिटं थांबा. एकीने आपली एकच अडचण सांगावी. बाकीच्यांनी आधी प्रश्न विचारावेत. उठण्याआधी कोण काय करून बघणार ते वहीत लिहा आणि पुढच्या वेळी आधी तेच वाचा. फसलेलं सांगणारीला कोणी हसू नका. आमच्या गटात तिच्यामुळेच सगळ्या शिकल्या.