यंत्राला आपली माती कोण सांगणार?

(बागप्रेमींच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले आणि बागकामावर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींच्या पोटात गोळा आला. ही भीती निराधार नाही. इंग्रजी पुस्तके चाळून ‘गुलाबाची निगा’ लिहिणाऱ्यांचे काम यंत्र क्षणात करते. (ते काम पूर्वीही फारसे मोलाचे नव्हते!) परंतु गुलाबाच्या छाटणीचा काळ विचारताच मला उत्तर मिळाले, फेब्रुवारी-मार्च. हा काळ इंग्लंडचा. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास कात्री हाती घेतात, हे पुण्यातला कोणताही माळी सांगेल. यंत्राने जे वाचले तेच सांगितले. त्याच्या वाचनात आपला माळी नाही, कारण त्याचे अनुभव आपण लिहिलेच नाहीत.

सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’चे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होते, त्यावरून इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले. याउलट श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तील शेतकरी आपले प्रयोग परस्परांना कळवीत असत. तोच वसा आपण घ्यावा. येत्या ऑक्टोबरात छाटणी केलीत की तारीख, माती आणि पहिली कळी दिसल्याचा दिवस मराठीत टिपून ठेवा, आणि ते टिपण छापायला पाठवा.