सेवा करणाऱ्या हातांचा मान



आपल्या बीदरकडे एक माणूस आजारी पडला की सारे घर दवाखान्यात जाते. ही माया खरी. पण दुःखाच्या भरात हीच माणसे सिस्टरवर हात उगारतात. रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे लग्न जमवताना आपणच नाके मुरडतो. मग तिचे मन कामात कसे रमावे?

कर्नाटकाने २००९ साली अशा मारहाणीविरुद्ध कायदा केला. पण कायदा मार बसल्यावर येतो; रोजच्या अपमानाला तो पुरत नाही.

आपल्याच राज्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला. तोवर सुमारे बेचाळीस वर्षे तेथील परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. ज्यांना आपण कमी लेखतो, त्यांची ही थोरवी!

म्हणून ट्रस्टच्या कुटुंबांस आमची विनंती : खाटेपाशी एकानेच बसावे, डॉक्टरांशी घरातील एका जाणत्याने बोलावे. सिस्टरला ताई म्हणा, अक्का म्हणा. ‘ए’ म्हणू नका.