चेल्टनहॅमची मराठी विद्यार्थिनी

वांद्रे, अंधेरी, बोरीवली या आपल्या उपनगरांतून मिशनच्या शाळांत जाणारी किती तरी मुले सकाळी तेथील प्रार्थनेला उभी राहतात आणि सायंकाळी घरी येऊन देवापुढे हात जोडतात. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. धर्माचे बोलणे एका कानाने ऐकावे, दुसऱ्याने सोडून द्यावे आणि विद्या तेवढी पदरात पाडून घ्यावी, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परंतु परमुलखात, परधर्मीयांच्या आश्रयाने राहून शिकणाऱ्यास तो इतका सुलभ नसतो. पंडिता रमाबाईंच्या विलायतेतील विद्यार्थिदशेचा वृत्तांत याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडास निघाल्या तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले होते, भाऊ १८८० साली गेला, पती १८८२ साली पटकीने गेले. पदरी मनोरमा ही लहानगी मुलगी. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून मिळालेल्या पैशांतून प्रवासाची सोय झाली. पुण्यात ज्यांचा परिचय झाला होता त्या ख्रिस्ती भगिनीसंघाच्या वाँटेज येथील मठात त्या उतरल्या; तेथील भगिनींना मराठी शिकवावे आणि आपण विद्या करावी, असा करार होता. वैद्यक शिकण्याचा हेतू मात्र श्रवणदोषामुळे सोडून द्यावा लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. पतित स्त्रियांना आश्रय देऊन त्यांना पुन्हा माणसांत आणण्याचे भगिनींचे कार्य त्यांनी लंडनमधील फुलम येथे पाहिले होते आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचली होती. या दोन गोष्टींचा परिणाम आपल्यावर झाला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. परंतु त्याच काळात सोबत आलेली त्यांची स्नेही आनंदीबाई भगत हिने वाँटेजमध्येच आपल्या जीवनाचा अंत करून घेतला होता. परक्या भूमीवर एकट्या पडलेल्या मनाची अवस्था काय असेल, हे ध्यानात न घेता या धर्मांतराचा निवाडा करू नये. इकडे महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला. १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले यांच्यासारखे विरळाच.

एवढ्यावर लोकांच्या लेखी कथा संपली. वस्तुतः ती येथून सुरू होते. १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथे त्या इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत आणि संस्कृत शिकवीत. मिस डोरोथिआ बील या तेथील मुख्याध्यापिका. आणि वाँटेजमध्ये धर्ममाता म्हणून सिस्टर जेराल्डिन होत्याच. त्यांना रमाबाई पत्रांतून चक्क ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी त्यांचे जे खटके उडाले ते वाचताना हसूही येते आणि मनाला टोचणीही लागते.

पहिला वाद ताटातला. रमाबाई मांसाहार करीत नसत; अंडे घातलेल्या पुडिंगासही शिवत नसत. आजीबाईंना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. तो सर्वस्वी गेला आहे असे आपण म्हणत नाही, परंतु काय खावे हे ठरविण्याचा हक्क आपलाच आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. दुसरा वाद क्रुसावरील अक्षरांचा. ती लॅटिनमध्ये का? हिंदुस्थानातील लोकांना न समजणाऱ्या त्या भाषेत संस्कृतापेक्षा अधिक पावित्र्य कोणते? संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, आपल्या मायभूमीची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून प्रिय आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. धर्म बदलला म्हणजे देश बदलत नाही, हे त्या काळच्या फार थोड्या लोकांना उमजले होते, आणि न उमजलेले लोक समुद्राच्या दोन्ही तीरांवर होते.

तिसरा प्रसंग तर नवलाचा. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. त्यावर बाईंनी कळविले की, आपल्या वडिलांनी वा पतीने कधी अशी हरकत घेतली नाही, ती इंग्रजांनी घ्यावी याचे आश्चर्य वाटते. शास्त्रीबुवांच्या घरात जे चालले ते बिशपांच्या दरबारी चालेना!

परंतु मुळातला वाद याहून खोल होता. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीस पटेना. चर्च सांगते म्हणून मानावे, हे जेराल्डिनबाईंचे म्हणणे. आणि एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे चढवून घेणार नाही, हे रमाबाईंचे. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा खरी होती. परंतु ती कोणाच्या हवाली करावयास त्या तयार नव्हत्या. मिस बील यांची थोरवी येथे दिसते. त्यांनी शंकांना लांबलचक पत्रे लिहून उत्तरे दिली, आणि या विद्यार्थिनीच्या विवेकाला पटल्यावाचून धर्म तिच्यात रुजणार नाही, हे ओळखले. हाती सत्ता असलेल्या शिक्षकाने शिष्याच्या प्रश्नाला उद्धटपणा न समजणे ही गोष्ट शाळेत दिसते त्याहून कठीण आहे.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या, ते डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीरपणे सांगून गेलेल्या आनंदीबाईंचा सत्कार पाहावयास ख्रिस्ती झालेल्या रमाबाई फिलाडेल्फियात उपस्थित होत्या.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदासदन’ निघाले. विधवांनी आपापला आचार पाळावा, धर्माची सक्ती नाही, असा तेथील नियम होता. परंतु बाईंच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडेच असे, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला. दार लावावयास हवे होते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. वाँटेजमध्ये जो प्रश्न शिष्या म्हणून त्यांच्यापुढे होता, तोच येथे गुरू म्हणून पुढे उभा राहिला, इतके खरे.

हा सारा वाद आज आपणांस वाचावयास मिळतो त्याचे श्रेय आजीबाईंना दिले पाहिजे. ज्या पत्रांत त्यांचे म्हणणे खोडून काढलेले आहे तीही त्यांनी फाडून टाकली नाहीत. जपून ठेवली, जुळवून लावली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.