बस कुठे आहे, आणि मूल कुठे आहे



४ एप्रिल २०२२, सोमवार. कोरोनाच्या लांबलेल्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या होत्या. मुंबईत सांताक्रूझच्या पोदार शाळेची एक बस दुपारी मुलांना घेऊन निघाली आणि मुलं घरी पोचेनात. एक तास झाला, दोन तास झाले. पालक बसवाल्यांना फोन लावत होते, तो लागत नव्हता. शाळेत विचारलं तर तिथेही नेमकं कुणाला सांगता येईना. सुमारे चार तासांनी मुलं सुखरूप असल्याचं कळलं. सहपोलीस आयुक्त विश्वास नांगरे-पाटील यांनी तसं जाहीर केलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण अगदी साधं निघालं. चालक नवा होता, त्याला रस्ते ठाऊक नव्हते.

सांताक्रूझचे रस्ते ज्यांच्या पायाखालचे आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. मिलन सबवे चुकला की लांबचा वळसा पडतो. वाकोल्याच्या पुलाखाली एकदा गाडी अडकली की तिथेच अर्धा तास जातो. पण इमारतीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईला हे कोण सांगणार? तिच्या मनात त्या चार तासांत काय काय येऊन गेलं असेल, त्याची कल्पनाही करवत नाही. म्हणूनच आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, म्हणजे शाळकरी मुलांचा इलेक्ट्रॉनिक माग आणि त्यांचा खाजगीपणा, त्याची सुरुवात मी त्या आईपासून करते. बसला जीपीएस हवा, ही तिची मागणी शंभर टक्के रास्त आहे. तिला खाजगीपणावर व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण बसचा माग ठेवणं वेगळं आणि मुलाचा माग ठेवणं वेगळं. गेल्या काही वर्षांत आपण या दोन्हींची सरमिसळ करून टाकली आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

आपल्या उपनगरांतल्या बऱ्याच शाळांत आता गळ्यातल्या ओळखपत्रात एक चिप असते. फाटकावरच्या यंत्रासमोर कार्ड धरलं की टिंग असा आवाज होतो आणि बाबांच्या मोबाइलवर निरोप जातो, 'आपला पाल्य ७ वाजून १० मिनिटांनी शाळेत पोचला.' मी शिक्षिका होते. शाळांच्या फाटकांवर उभं राहण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. अशाच एका फाटकावर मी सहावी-सातवीतला एक मुलगा पाहिला. त्याच्या हातात तीन कार्डं होती. एक स्वतःचं, दोन मित्रांची. त्यानं तिन्ही कार्डं एकामागून एक यंत्राला दाखवली, तीनदा टिंग झालं, आणि तो आत गेला. मित्र वडापावच्या गाडीपाशी होते. ते पाच मिनिटांनी आलेही, काही वाईट घडलं नाही. पण त्या पाच मिनिटांत दोन घरांना मूल शाळेत पोचल्याची खात्री देण्यात आली होती, आणि मूल रस्त्यावर होतं. वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा हजेरीपटावरून मान वर करून चेहरा बघतात. 'हजर' म्हणणाऱ्याचा आवाज बसलेला आहे, डोळे सुजलेले आहेत, हे त्यांच्या लक्षात येतं. यंत्र फक्त कार्ड ओळखतं.

मग ही यंत्रं एवढ्या झपाट्यानं का आली? सुरक्षितता हे एक कारण आहेच. दुसरं कारण सहसा बोललं जात नाही. ते म्हणजे मोजणी. महाराष्ट्रात याला मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस शाळांची पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं प्रत्यक्ष मोजली गेली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना, मतदानाला लावतात तशी, शाई लावली होती. त्या तीन दिवसांत लाखो मुलं फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. लाज वाटावी असाच तो प्रकार होता. त्यामुळे त्यानंतर सरकारनं मोजणी पक्की करायचं ठरवलं, यात गैर काहीच नाही. २०१५ मध्ये 'सरल' ही संगणक प्रणाली आली, प्रत्येक मुलाची नोंद तिच्यात गेली. पुढे आधार जोडणी आली. ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते संचमान्यतेत धरलं जाईना. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब. नावातल्या एका वेलांटीच्या फरकानं मुलाचं आधार जुळत नव्हतं, आणि त्यासाठी शिक्षक शिकवणं सोडून केंद्रांच्या रांगेत उभे होते.

मध्यंतरी हजेरीसाठी सेल्फीही आली होती. नोव्हेंबर २०१६ च्या शासन निर्णयानुसार शिक्षकांनी दर आठवड्याला दहा-दहा मुलांच्या गटासोबत मोबाइलवर फोटो काढून 'सरल'वर चढवायचे होते. साठ मुलांच्या वर्गात सहा गट करा, उंच मुलांना मागे उभं करा, कुणी डोळे मिटले तर पुन्हा काढा, मग नेटवर्क शोधत व्हरांड्यात फिरा. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि तो निर्णय पुढे ढकलला गेला. तेव्हा चर्चा झाली ती शिक्षकांच्या त्रासाची. ती व्हायलाच हवी होती. पण लाखो मुलांचे चेहरे दर आठवड्याला कुठे जाणार, कोण बघणार, कधी पुसले जाणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. डिसेंबर २०२३ मध्ये हजेरीसाठी मोबाइलवरचा चॅटबॉट आला, तेव्हाही तो प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेत हेच आधी घडून गेलं आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात २०१२ मध्ये दोन शाळांतल्या चार हजारांहून अधिक मुलांच्या गळ्यात चिपवाली कार्डं आली. तिथे शाळेला सरकारी पैसा हजेरीच्या आकड्यावर मिळतो. मूल इमारतीत आहे पण वर्गात नाही, तरी ते हजर धरता यावं, हा हिशेब होता. एका विद्यार्थिनीनं कार्ड घालायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ती हरली. तरी २०१३ मध्ये शाळांनीच योजना गुंडाळली, कारण अपेक्षेइतकी हजेरी वाढली नाही. त्याआधी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सटर या लहानशा गावात वर्गांच्या दारांवर आणि स्वच्छतागृहांच्या दारांवरही कार्ड वाचणारी यंत्रं बसवली होती. पालकांनी गाव डोक्यावर घेतलं आणि काही आठवड्यांत ती काढावी लागली.

'पण आम्ही पालकांची संमतीची सही घेतली होती,' असं शाळा म्हणतात. घेतलेली असते, हे खरं आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी फॉर्मचा जो गठ्ठा हातात येतो, त्यात कुठेतरी ती सही असते. मागे पालकांची रांग असते, खिडकीपलीकडे घाईत असलेले क्लार्क असतात, आणि मुलाचा प्रवेश त्यांच्या हातात असतो. अशा वेळी 'यावर मी सही करणार नाही' असं म्हणणारा पालक मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटला नाही. स्वीडनमध्ये या मुद्द्याचा निकाल लागला आहे. तिथल्या शेलेफ्तेओ या गावच्या एका शाळेनं २२ मुलांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यानं घेऊन पाहिली. पालकांची संमती होती. तरीही २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं दोन लाख क्रोनर दंड केला. शाळा आणि विद्यार्थी यांच्या ताकदीत एवढा फरक असताना दिलेली संमती मोकळ्या मनानं दिलेली मानता येत नाही, असं त्या संस्थेनं सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला आपली प्रवेशाची खिडकी आठवली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखानं सांगितलं. २०१८ च्या आधार निकालात, शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असंही म्हटलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्यांत शाळांना सूट मिळाली.

ती सूट नीट बघायला हवी. मुलांची ने-आण करणाऱ्या वाहतूकदाराला मुलांचं ठिकाण पाहता येईल, पण ते सुरक्षिततेसाठी आणि फक्त जाण्यायेण्याच्या प्रवासापुरतं. ही मर्यादा मला अतिशय योग्य वाटते. सांताक्रूझच्या त्या आईला जे हवं आहे तेवढंच ती देते. शाळेला स्वतःला मिळालेली सूट मात्र सैल आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा सुरक्षिततेसाठी शाळा मुलांचा माग ठेवू शकते, वागण्याचं निरीक्षणही करू शकते. शाळेत जे जे चालतं ते सगळंच यात बसवता येतं. मधल्या सुट्टीत मूल कुणाबरोबर बसलं, ग्रंथालयात किती वेळ गेलं, हेही.

माझ्या वर्गात दहावीची एक मुलगी होती. शाळा सुटल्यावर ती अर्धा तास बाकावर बसून राहायची. घरी वातावरण बरं नव्हतं. मी तपासायच्या वह्या घेऊन तिथेच बसायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. तो अर्धा तास तिचा होता. आजच्या व्यवस्थेत फाटकावरची वेळ रोज घरी गेली असती आणि रोज तिला त्याचा जाब द्यावा लागला असता. मुलं घरापासून काही लपवतात तेव्हा ते दरवेळी वाईटच असतं असं नाही. वाढत्या वयात थोडी मोकळी जागा लागते, आणि काही मुलांना ती शाळेतच मिळते.

कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर जो अत्याचार झाला, त्यानं सगळा महाराष्ट्र हादरला. लगेच सर्व शाळांत महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश निघाला. पण त्या शाळेतल्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं खुद्द तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं होतं. कॅमेरा होता. त्याच्याकडे बघणारं, चित्रण जपणारं, जबाबदारी घेणारं माणूस नव्हतं. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. फाटकावर, जिन्यात, बसमध्ये ते असावेत. पण स्वच्छतागृहाकडे मुलींना नेणारी मावशी नेमण्याऐवजी कॅमेरा लावून काम भागलं असं शाळेनं समजू नये.

संमतीबाबत इंग्लंडच्या २०१२ च्या कायद्यातली एक तरतूद आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. बोटांचे ठसे किंवा चेहरा वापरायचा असेल तर तिथे पालकांची लेखी संमती लागते. आणि मुलानं स्वतः नको म्हटलं, तर पालकांची सही असली तरी शाळेला ते करता येत नाही. त्या मुलासाठी दुसरी सोय करावी लागते. आपल्याकडे सतरा वर्षांच्या मुलालाही या बाबतीत कुणी विचारत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ पासून नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. तिच्यात मुख्याध्यापक असतात, वाहतूक पोलीस असतात, आरटीओचे अधिकारी असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. नव्या चालकाला पहिल्या दिवशी जुना माणूस सोबत द्यायचा का, मुलांना सांभाळणाऱ्या ताईंचा फोन चालू आहे ना, बस उशिरा निघाली तर पालकांना कोण कळवणार, बसच्या ॲपमधली माहिती वर्षअखेरीला पुसली जाते की कंपनीकडेच राहते, हे सगळं विचारायची जागा हीच. पुढच्या पालकसभेला गेलात तर आपल्या शाळेच्या या समितीत पालकांतर्फे कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली होती, एवढं विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर तुमचं नाव द्या.